दारू बडवा सोडवतो की डॉक्टर?

शिरपूर-चोपडा रस्त्याने एसटीत बसून जा. पंपहाऊसच्या भिंतीवर, पुलाच्या कठड्यावर, स्टँडच्या मुतारीत एकच जाहिरात दिसते: 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.' खाली मोबाईल नंबर. हल्ली हीच जाहिरात फोनवर व्हिडिओ होऊन येते. त्यात मागे सातपुडा असतो, पुढे फेटा बांधलेला कुणी 'आदिवासी वैद्य' आणि त्याच्या हातात मुळी. दुसरीकडे कॅनडा-अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींनी आपल्या जुन्या रीतींच्या आधारे दारू सोडली, असं सांगणारे लेख फिरत असतात. घरात पिणारं माणूस असलेल्या बाईने यातून काय समजायचं? न्यायचं कुठे, बडव्याकडे म्हणजे आदिवासी गावच्या भगताकडे, महाराजांकडे की सिव्हिलला?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस दवाखान्याचे आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं गावाची. गावाची रीत, देवकार्य, पंगत, मानपान यांचं काम त्या दुसऱ्या भागात आहे आणि ते फार मोठं आहे. माणसं दगावतात ती बहुतेकदा या दोन कामांची अदलाबदल केल्यामुळे.

शरीरात काय होतं

दारू मेंदूला मंद करते. रोज दारू येते म्हटल्यावर मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. म्हणून पूर्वी एका क्वार्टरमध्ये झोपणारा माणूस पुढे दोन क्वार्टर पिऊनही चालताबोलता असतो. लोक त्याला 'पचवतो' म्हणतात. खरं तर ही धोक्याची खूण आहे.

अशा माणसाची दारू एका दिवशी बंद झाली, मग ती शपथेने असो, पैसे संपल्याने असो की तुरुंगात गेल्याने, तरी मेंदूचा तो उलटा जोर तसाच राहतो. त्याला आवरायला आता समोर काहीच नसतं. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, छातीत धडधडतं. याला डॉक्टर 'विथड्रॉवल' म्हणतात. आपण इथून पुढे 'दारू तुटल्याचा त्रास' म्हणू. हा त्रास शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांतच सुरू होऊ शकतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास त्याहून भयंकर प्रकार होतो.

तिसऱ्या रात्रीचं भूत

तो प्रकार बाहेरून कसा दिसतो ते बघा. माणसाने दोन दिवसांपूर्वी देवासमोर दारू सोडली आहे, घरात सगळे खुश आहेत. तिसऱ्या रात्री तो गोधडीवरून काहीतरी वेचायला लागतो. किडे, मुंग्या, कुणालाच दिसत नाहीत असं काही. मग कुडाकडे बोट दाखवून मेलेल्या बापाशी बोलतो. अंग तापतं, डोळे तारवटतात, दोघांना आवरत नाही. बायकोला ओळखत नाही.

घरचे काय समजतील? बाहेरचं झालं. दारू सोडली म्हणून देव कोपला किंवा कुणी करणी केली. रात्री बारा वाजता बडव्याला उठवतात. तो सुपातले दाणे पाहतो, उतारा सांगतो, कोंबडं मागतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण त्या माणसाला त्या घडीला औषध न मिळाल्यास तो मरू शकतो, आणि मेला की गावात गोष्ट कायमची बसते: 'दारू सोडली म्हणून गेला.' पुढे दहा जण सोडायला धजत नाहीत.

दवाखान्यात यावर साधा इलाज असतो. मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शनं काही दिवस देऊन हळूहळू कमी करत आणतात. सोबत बी-१ हे जीवनसत्त्व देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या अंगात ते बऱ्याचदा फार कमी झालेलं असतं. इथे एक सांगणं गरजेचं आहे. आमच्याकडे काहीही झालं की 'डॉक्टर, एक सलाईन लावा' हा हट्ट असतो. जुन्या पिणाऱ्याला बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पितो, किती वर्षांपासून पितो' हे लाज न बाळगता सांगा.

मग परंपरेचं काम काय?

आठ-दहा दिवसांनी माणूस घरी येतो. हात थरथरत नाहीत, जेवण जातं, तोंडावर तेज येतं. घरच्यांना वाटतं झालं काम. डॉक्टरही म्हणतात, आता मनावर आहे.

पण हा माणूस संध्याकाळी सहानंतर कुठे बसणार? दहा वर्षं त्याची बैठक गुत्त्यावरच होती. मित्र तिथले, उधारी तिथली, मुकादमाशी उचलीची बोलणी तिथलीच. गावात त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. भावाने बोलणं टाकलंय, सासरवाडीने बोलावणं टाकलंय. आता तो शुद्धीत आहे, म्हणजे हे सगळं त्याला पहिल्यांदाच धडधडीत दिसतं आहे. अशा वेळी पारावरून कुणीतरी हाक मारतो, 'एक घोट ली ले ना भो, काय व्हई जाई?' घोट घेतला की निदान त्या चौघांत तरी जागा मिळते.

पुन्हा पिण्याची बरीचशी कारणं अशी असतात. गोळीने आतली ओढ कमी करता येते, आणि तशी औषधं आहेतही. पण पारावरच्या त्या चौघांऐवजी बसायला दुसरी जागा कुठली गोळी देणार? रीतभात ती देते.

खानदेशात याचं सगळ्यांच्या पाहण्यातलं उदाहरण म्हणजे माळ. तापीकाठच्या गावांत 'तो माळकरी झाला' एवढं म्हटलं की त्याला कुणी आग्रह करत नाही. गळ्यातली तुळशीची माळ त्याच्या वतीने नाही म्हणते. त्याला दर वेळी आपली कहाणी सांगावी लागत नाही. शिवाय रिकामी संध्याकाळ हरिपाठाला जाते, कीर्तनात टाळ धरायला मिळतो, आषाढीला मुक्ताईच्या पालखीसोबत मुक्ताईनगर ते पंढरपूर चालायला सोबत मिळते. एकाच फटक्यात त्याला नवी ओळख, नवी माणसं आणि नवं वेळापत्रक मिळतं. व्यसनमुक्ती केंद्रं ज्याला 'पुढची काळजी' म्हणतात आणि जी द्यायला त्यांच्याकडे बहुधा माणसं पुरत नाहीत, ती हीच.

सातपुड्यात तेच काम वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतं. होळीला नवस बोललेले पुरुष बुध्या, बावा होतात. अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं नाहीतर भोपळे, डोक्यावर उंच टोप. हा नाच फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. फोटोत दिसत नाही ती त्याआधीची पालनी: खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, बायकोपासून दूर राहायचं. काही दिवस स्वतःला आवरून धरायचं आणि ते सगळ्या गावासमोर. कुणी नियम मोडला तर शेजारी टोकतात. व्यसनातून बाहेर येणाऱ्याला नेमकं हेच जमेनासं झालेलं असतं आणि इथे त्याची तालीम आधीपासून हजर आहे, तीही मानाची.

कॅनडात खरंच काय झालं?

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अल्कली लेक नावाची शुस्वाप जमातीची वस्ती आहे. १९७० च्या सुमारास तिथे जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस दारूत बुडालेलं होतं. यामागे इतिहास आहे. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातलं जाई, तिथे त्यांची भाषा आणि देवधर्म बंद. १९७२ मध्ये फिलिस चेल्सी या बाईने दारू सोडली, कारण तिच्या लहान मुलीने 'तुम्ही पिता, मी घरी येणार नाही' म्हणून सांगितलं. पाठोपाठ नवरा अँडीने सोडली. पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक वस्ती दारूमुक्त झाली.

ही गोष्ट सांगताना लोक थेट 'घामाच्या झोपडी'वर उडी मारतात. वाकवलेल्या फांद्यांची बुटकी झोपडी, आत तापवलेले दगड, त्यावर पाणी ओतून केलेली वाफ आणि अंधारात प्रार्थना. ते झालंच, जुने नाचही परत आले. पण सुरुवात त्याने झाली नव्हती. आधी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, साप्ताहिक सभा सुरू झाल्या. चोरून दारू विकणाऱ्यांना पोलिसांकडून पकडवलं. पिणाऱ्या घरांना सरकारी मदत रोख देण्याऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या दिल्या, म्हणजे पोरांच्या पोटाला मिळेल. पायाखालची जमीन अशी घट्ट झाली, मग शुद्धीत आलेल्या माणसांना प्रश्न पडला, 'आपण कोण?' तेव्हा जुने विधी कामी आले. या क्रमातून आपल्याला शिकता येतं, निव्वळ झोपडी बांधून नाही.

'पण आदिवासींच्या परंपरेतच दारू आहे ना?'

हा आक्षेप खरा आहे, टाळून चालणार नाही. भिल्ल-पावरा समाजात देवाला, पूर्वजांना मोहाच्या दारूची धार देतात. लग्न ठरलं, तंटा मिटला, की ती पिऊनच पक्कं होतं. देवमोगरा इथल्या याहामोगी मातेलाही दारूचा नैवेद्य आहे. मग अशी परंपरा दारू काय सोडवणार?

त्या दारूचं वेळापत्रक बघा. मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, साठवायची. त्यात खाण्यापुरती, विकण्यापुरती, गाळण्यापुरती असा हिशोब. दारू निघायची ती होळीला, इंदलच्या देवकार्याला, लग्नाला. आधी धार जमिनीवर, मग वडीलधारे, मग बाकीचे. एकट्याने कोपऱ्यात बसून पिणं हे त्यात बसतच नाही. म्हणजे त्या रीतीत दारू होती आणि तिला लगामही होता: कधी, कुणाबरोबर, कुणानंतर.

लगाम सुटला तो दारू दुकानातून रोज मिळायला लागली तेव्हा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी गाळणं गुन्हा ठरवलं आणि विक्रीचा मक्ता परवानाधारकाला दिला. सरकारला महसूल हवा होता, मक्तेदाराला गिऱ्हाईक. पुढे देशीची बाटली आली, नवसागर टाकलेली हातभट्टी आली. ऊसतोडीला बारडोलीकडे गेलं की ना गाव, ना डाह्या (गावचा जाणता वडीलधारा), ना होळी. उरली नुसती थकलेली संध्याकाळ. मोहाच्या दोन्यात (पानांच्या द्रोणात) जी मर्यादा होती ती बाटलीबरोबर आली नाही.

तरीही बरं होऊ पाहणाऱ्या माणसापुढे अडचण उरतेच. लग्नात पळसाच्या पानांचा दोना रांगेतून फिरत त्याच्यापर्यंत येतो. नाही म्हणावं तर सोयऱ्याचा अपमान, घ्यावी तर सगळं मातीत. यावर तोडगा बाहेरच्याने सांगून उपयोग नाही, तो गावच्या वडीलधाऱ्यांनीच काढायला हवा. दोना हातात घ्यावा, धार जमिनीवर सोडावी, देवाचं देवाला पोचलं, आणि दोना पुढे द्यावा. हे एका डाह्याने चारचौघांत मान्य केलं की त्या माणसाचं निम्मं ओझं उतरतं. समुपदेशकाच्या दहा बैठकांत ही परवानगी मिळत नाही.

'त्यांच्या रक्तातच असते दारू'

हे वाक्य मी शिकल्यासवरल्यांच्या तोंडून जास्त ऐकतो. याला शास्त्रीय आधार नाही. व्यसनाची शक्यता काही घराण्यांत जास्त असते, पण ती सगळ्या जातीजमातींच्या घराण्यांत. अख्ख्या जमातीचं शरीरच दारूपुढे दुबळं असतं ही समजूत अमेरिकेत तिथल्या मूळनिवासींबद्दलही जुनी आहे आणि तिथेही ती टिकलेली नाही.

उलट पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट निघाली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येऊन बोलते, दारू-ताडी सोडा म्हणते, स्वच्छ राहा म्हणते. बागलाण, डांग, खानदेश असं करत ती सुरतेपर्यंत गेली आणि हजारो आदिवासींनी दारू टाकली. दक्षिण गुजरातेत तर दारूच्या मक्तेदारांकडे कामाला जाणंच बंद केलं. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांनी आप पंथ उभा केला. तिथेही आरती, स्नान आणि दारूबंदी. भाषा अंगात येण्याची आणि आरतीची असेल, पण काम मात्र एकमेकांना धरून उभं राहण्याचं होतं.

हे टिकलं का? सगळीकडे नाही. गुजरातेत वर्षभरात दोन तट पडले: ज्यांनी वर्ज्य पाळलं ते 'वरजेला' आणि जुन्या वळणावर परतले ते 'सरजेला'. आजही तसंच होतं. सोडलेला माणूस पुन्हा पितो, कधी दोनदा, कधी चारदा. डॉक्टर याला आजाराचा भाग मानतात. गाव मात्र शपथ मोडली म्हणून त्याला कायमचा टाकतं आणि इथे परंपरा उलटते. देवाची शपथ मोडलेला माणूस भीतीने दुप्पट पितो. म्हणून शपथ देणाऱ्याकडे ती मोडल्यावर परत येण्याची वाटही हवी. 'आजचा दिवस नाही' अशी रोजची छोटी शपथ घ्यायची ॲनॉनिमसवाल्यांची पद्धत या बाबतीत शहाणी आहे.

आणि ती मुळी?

'न सांगता' द्यायच्या पुडीकडे परत येऊ. दारूचा तिटकारा आणणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिरम. ते घेतलेल्याने दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि लिव्हर तपासून देतात. तेच चहातून गुपचूप दिलं आणि त्याने वर हाफ मारली, तर जीव जाऊ शकतो. पुडीत नक्की काय आहे, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो. धोतऱ्यासारखं काही असेल तर ते सरळ विष आहे.

'मग परदेशात वनस्पती वापरतात ते?' वापरतात. पेरूमध्ये टाकिवासी नावाचं केंद्र १९९२ पासून आयावास्का या वेलीचा विधी आणि मानसोपचार एकत्र करून व्यसनावर काम करतं. आफ्रिकेतल्या इबोगा झुडपापासून काढलेल्या औषधाचेही प्रयोग झाले आहेत. पण इबोगाने हृदयाचे ठोके बिघडून माणसं मेली आहेत, आणि आयावास्काचा विधी त्या जंगलातल्या जाणकारांच्या देखरेखीत होतो. तिथला पुरावा दाखवून इथल्या भिंतीवरची पुडी विकता येत नाही. आमच्या बडव्यांची झाडपाल्याची जाण खरी आहे. पण दारू तुटल्याचा त्रास थांबवणारी मुळी त्यांच्याकडे आहे, असा पुरावा नाही.

सरळ दारूबंदीच केली तर?

नवापूरला जाऊन या. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत कायद्याने दारू बंद, म्हणून तिकडचे इकडे येऊन पितात. वरून आलेली बंदी किती चालते हे तिथे फुकट शिकायला मिळतं.

आतून आलेल्या बंदीची गोष्ट वेगळी. १९७२-७३ मध्ये शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायका गावोगाव गेल्या, भट्ट्यांची मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांनाही जाब विचारला. मजुरीची लढाई चालू होती आणि मजुरी गुत्त्यात जात होती, तेव्हा हा विषय त्यांना वेगळा वाटला नाही. आज त्यांच्या नातींकडे कायदा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचा किंवा त्यावर नियम घालण्याचा अधिकार दिला. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर हे तालुके त्यात पूर्ण येतात. शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरचे काही भागही येतात. सगळी बंदीच करायला हवी असं नाही. होळीची मोहाची दारू चालेल, टपरीवरची रोजची पन्नी (प्लॅस्टिकच्या पिशवीतली दारू) नाही, असा भेदही ग्रामसभा करू शकते. मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो.

घरात असा माणूस असेल तर

एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ आपल्याच आजूबाजूला आहेत. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाईन आहे, तिथून जवळचं केंद्र कळतं. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. ज्या केंद्रात साखळीने बांधतात किंवा मारतात, तिथून त्याच दिवशी माणूस घरी आणा. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, मग ते केंद्र कुठल्याही देवाच्या नावाने चालत असो.

बडव्याकडे जायचं असेल तर जरूर जा, पण आधी किंवा सोबत दवाखाना. बडव्यालाही सांगा, तिसऱ्या रात्री असं असं होऊ शकतं, तेव्हा दाणे नंतर पाहू, आधी १०८ ला फोन करू. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम चालला. दुआ मागायला आलेल्या मानसिक रुग्णांना तिथेच डॉक्टरही भेटायचे आणि मुजावरच त्यांना पाठवायचे. सातपुड्यात तेच झालं तर बडव्याचा मान वाढेलच.

दवाखान्यात जाताना घरात जी काही पुडी, चूर्ण, काढा चालू असेल तो सोबत न्या. पुडीचा कागदसुद्धा न्या. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवू नका. शेवटचा घोट कधी घेतला, तो दिवस आणि वेळ लिहून ठेवा. केसपेपरवर सगळ्यात आधी तेच लागतं.